बांधाबांधानं चालणारी हौसाक्का

परवा जुन्या कात्रणांत एका वर्तमानपत्रातली बातमी सापडली. आतल्या पानावर, दोन बोटं उंचीची. हिरेवाडीच्या जुन्या धावपट्टीची जमीन मूळ शेतकऱ्यांना परत. शासनाच्या औदार्याबद्दल ग्रामस्थांत समाधान. सोबत फोटो. फोटोत चार-पाच टोप्या, एक हार, आणि टोप्यांच्या मागं कुठंतरी गाव. त्या टोप्यांखालचं एकही डोकं त्या माळावर उन्हात तापलेलं मी पाहिलेलं नाही. 'औदार्य' हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं. दुसऱ्याची वस्तू उचलून न्यायची, वर्षानुवर्षं नुसती पाडून ठेवायची आणि परत देताना स्वतःच्याच गळ्यात हार घालून घ्यायचा, याला औदार्य म्हणत असतील तर चोराला दानशूर म्हणायला काय हरकत आहे?

त्या फोटोत हौसाक्का नाही. ती तिथं असती तर फोटो निघालाच नसता. कारण ती मंडळी जिथं बूट घालून उभी आहेत तिथं मटकी पेरलेली आहे, आणि कुणाच्या पिकात पाय पडलेला हौसाक्काला खपत नसे. पीक दिसत असो वा नसो.

'नसो' म्हणतोय ते उगीच नाही.

कवठे महांकाळच्या दक्षिणेला, कर्नाटकाकडं तोंड करून, हिरेवाडीचा माळ आहे. लढाईच्या वर्षांत तिथं गोरा साहेब आला. गावात दवंडी पिटली, की विमानं उतरवायला रान पाहिजे, लढाई संपली की ज्याचं त्याला परत. बांध मोडले. बांधावरच्या बाभळी तोडल्या. एक विहीर बुजवली. मुरूम-खडी अंथरून वरनं रूळ फिरवला. लढाई संपली, साहेब गेला, पट्टी राहिली. तिथं विमानं उतरली किती, याबद्दल गावातल्या म्हाताऱ्यांत एकमत नाही. काहीजण एक म्हणतात. बाकीचे म्हणतात, तेही वाट चुकून आलेलं. मग आपलं सरकार आलं. त्यानं काय केलं? पट्टीला काटेरी तार ओढली आणि 'प्रवेश मना' अशी पाटी लावली. गावानं अर्ज केले. उत्तर एकच यायचं: सदर जमीन वापरात आहे. कसल्या वापरात? गवत आणि सरडे.

कराडला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून मी शेतकरी-मजुरांच्या संघटनेत पडलो होतो. पत्रकं लिहायची, छापायची, वाटायची, हे माझं काम. हिरेवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा सायकलच्या कॅरियरला पत्रकांचा गठ्ठा होता. तार एके ठिकाणी तुटली होती. मी सायकल आत घातली आणि सपाट पट्टीवरनं सरळ गावाच्या दिशेनं निघालो. इतक्यात आवाज आला.

"ए सायकलवाल्या! बापाचं रान हाय का तुज्या? जुंधळ्यातनं सायकल घालतुयास?"

मी थांबलो. आजूबाजूला पाहिलं. जुंधळा काय, हिरवं पानसुद्धा नव्हतं. समोर एक काटकुळी बाई, काष्ट्याचं लुगडं, अनवाणी, डोक्यावर पाण्याची घागर. मी म्हटलं, "कुठाय जुंधळा?"

"तुज्या चाकाखाली. फीर मागारी. तितनं बांधानं ये."

बांध कुठाय हेही मी विचारलं. ती घागर सावरून चालायला लागली. सरळ नाही. काही पावलं पुढं, मग एकदम उजवीकडं, मग डावीकडं तिरकी, मग मोकळ्या जागेला भलामोठा वळसा. तो वळसा, मला नंतर कळलं, बुजवलेल्या विहिरीचा होता. सगळं गाव पलीकडच्या आडावर जाताना पट्टीवरनं सरळ जायचं. हौसाक्का एकटी मोडलेल्या बांधांवरनं जायची. घागर भरलेली असो, ऊन असो, ताप आलेला असो. गावातली पोरं मागनं ओरडायची, "आक्का, विमान आलं, बाजूला व्हा!" ती वळून म्हणायची, "यिऊ दे. त्येला बी बांधानंच जावं लागंल."

तिच्या बोलण्यात 'धावपट्टी' हा शब्द कधी आला नाही. टेकाचं, लवणातलं, चिंचंचं, पांढरीकडचं, अशी रानांची नावं यायची. नव्यानं नांदायला आलेल्या सुनांना ती ही नावं पाठ करायला लावायची. "तुजं रान कुठलं गं?" "पट्टीखालचं." "पट्टीखाली काय हाय? नाव घे." नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या पोरी रानाचं नाव घेऊन सुटायच्या.

तिचा नवरा त्याच लढाईत फौजेत गेला आणि परत आला नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही वांगी चिरता चिरता. त्यावर मी काहीतरी पत्रकी वाक्य बोललो असेन. ती म्हणाली, "मानूस म्यालं तर रडून मोकळं व्हता येतं. रान मरत न्हाई. त्ये तितंच पडून बघत ऱ्हातं."

पत्रकांचं तिला भारी वेड. वाचता येत नव्हतं, पण छपाईला जाण्याआधी मी तिला वाचून दाखवलंच पाहिजे, असा तिचा दंडक. एकदा मी मोठ्या झोकात सुरुवात केली होती: 'हिरेवाडीचे भूमिहीन आज विचारत आहेत...'

"थांब. भूमिहीन कोन?"

"तुम्ही. तुमची जमीन गेली ना?"

"कुठं गेली? ती बग की, हितंच हाय. आमी भूमिहीन न्हाई रं गड्या. आमच्या भूमीवर कोन बसलाय त्ये लिव. त्येचं नाव लिवाया भ्या वाटतंय व्हय?"

तो शब्द मी खोडला. सरकारचं नाव लिहिलं. त्याबद्दल पोलिसांनी मला तालुक्याला बसवून ठेवलं, तो भाग वेगळा.

आता शिदू आप्पाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हौसाक्का अर्धी. शिदू आप्पा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. एकाच बोळात समोरासमोर दारं. दोघांच्या रानांमध्ये एक बांध होता आणि त्या बांधावरनं पट्टी होण्याच्या आधीपासून भांडण होतं. हौसाक्काच्या नवऱ्यात आणि शिदू आप्पात त्या बांधावर काठ्या चालल्या होत्या. मग साहेब आला, बांधच गेला, भांडण अधांतरी लटकलं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. पण समोरासमोर राहून न बोलता कसं भागणार? म्हणून हौसाक्का म्हशीशी बोलायची. "म्हशे, सांग त्येला, त्येचं रेडकू आमच्या परड्यात आलंय." समोरच्या ओट्यावरनं शिदू आप्पा खाकरायचा, उठायचा आणि रेडकू घेऊन जायचा. एवढाच संवाद. वर्षानुवर्षं.

दुष्काळाच्या वर्षी गावाला काम निघालं. काम कसलं? धावपट्टीची दुरुस्ती. जिल्ह्यातल्या एका बड्या पुढाऱ्याला विमानातनं उतरायची हौस आली होती. ज्यांचं रान पट्टीनं खाल्लं त्यांच्याच बायकांनी खडी फोडून ती पट्टी पक्की करायची, आणि एकदा का तिथं विमान उतरलं की 'जमीन वापरात आहे' हे कायमचं खरं ठरायचं. हा कट एखाद्या राक्षसाला सुचला नसता, पण कचेरीला सुचला.

मी रातोरात पत्रक काढलं. कामावर बहिष्कार. सकाळी चावडीपुढं भाषणही केलं. बोलून झाल्यावर हौसाक्का उभी राहिली.

"पोरा, सकाळी काय खाल्लंस?"

"चहा. पाव."

"आमी काल सांच्याला रेशनच्या मिलोची भाकरी खाल्ली. आज ती बी न्हाई. काम सोडा म्हनाया तुजं काय जातंय?" मग बायकांकडं वळून म्हणाली, "समद्या जनी कामावर चला."

मी संतापलो. इतकी वर्षं बांधानं चालणारी बाई ऐन वेळी गुडघे टेकते? मी तिथंच बोलूनही दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि हातोडा उचलला.

माळावर मुकादम टोळ्या पाडून उभा होता. बायकांनी उत्तरेच्या टोकाला ओळीनं बसायचं होतं. हौसाक्का टोळी सोडून निघाली. उजवीकडं, डावीकडं, विहिरीला वळसा, आणि पट्टीच्या ऐन मध्यावर जाऊन बसली.

"ओ म्हातारे! हिकडं या!"

"तकडं पाटलाचं रान हाय. दुसऱ्याच्या रानात बसून म्या खडी फोडायची न्हाई. माजी माज्या रानात फोडीन."

एक सून उठली. "माजं लवणातलं," म्हणाली आणि चालायला लागली. मग दुसरी उठली. बघता बघता सगळी टोळी त्या अफाट पट्टीवर विखुरली. ज्यांना रान नव्हतंच त्या महारवाड्यातल्या आणि मुलाण्याच्या बायकांना हौसाक्कानं हाक मारली, "तुमी माज्या रानात या. लय जागा हाय." प्रत्येकीची आपली आपली ओंजळभर खडी. मुकादमाला ढीग मोजता येईना, हजेरी घेता येईना. पाणी पाजणारा हेलपाट्यांनी दमून बसला. पसरायला रूळ आणायचा तर मध्ये बायका.

दुपारी पोलिसांची जीप आली. फौजदार हौसाक्कासमोर उभा राहिला. तिच्या अंगावर त्याची सावली पडली. तिनं वर पाहिलं नाही.

"काम नाकारताय का? नावं कमी करीन सगळ्यांची."

नाव कमी होणं म्हणजे चूल बंद होणं. सगळ्या हातोड्यांचा आवाज थांबला. 

"न्हाई ओ सायेब," हौसाक्का म्हणाली. "काम करतुय की. ह्यो बगा हातुडा. कुटं बसून फोडायची त्ये सरकारनं सांगितलंय व्हय?"

तिनं दगडावर घाव घातला. एक ठिणगी उडाली. मग सगळ्या पट्टीवर घाव पडायला लागले. फौजदारानं जीप दोनदा पट्टीवरनं फिरवली. पुढारीण कोण, असं प्रत्येकीला विचारलं. प्रत्येकीनं आपल्या रानाचं नाव सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ते काम गावतळ्यावर हलवलं. पट्टी तशीच राहिली. मी हौसाक्काला काही म्हणायला गेलो तर म्हणाली, "पत्रक लय भारी लिवतोस. पर त्यात जेवान न्हाई."

अर्ज, मोर्चे, तहसीलच्या दारात ठिय्या, या सगळ्यात आणखी काही वर्षं गेली. शेवटी सरकारनं मानलं. जमीन परत. पण अट घातली. मोजणीच्या दिवशी प्रत्येकानं आपली हद्द दाखवायची, जुन्या नकाशाशी साधारण जुळली की दगड रोवायचा. पण एकाचीही हरकत आली तर सगळं प्रकरण कोर्टात जाणार आणि तोवर सगळी पट्टी सरकारकडं. ही अट घालणाऱ्याला आमची गावं पुरती माहीत होती. बांधावरनं हरकत न घेणारा शेतकरी कृष्णेच्या या बाजूला जन्मायचा आहे. पुढाऱ्याची माणसं गावात चहा पाजत हिंडत होतीच. एक भांडण, एवढंच त्यांना हवं होतं.

सरपंचानं बिरोबाच्या देवळात सगळ्यांना बोलावलं. देवापुढं भंडाऱ्याचं ताट ठेवलं. एकेका घरच्या कर्त्यानं भंडारा उचलायचा आणि म्हणायचं: बांधाच्या नावानं तोंड उघडणार नाही. आमच्याकडं कागदावरची सही मोडतात, उचललेला भंडारा मोडत नाहीत. एकेकजण पुढं झाला. पाटील झाले. रान नव्हतं तरी मुलाणी झाला, त्यानंही देवाला हात जोडून कपाळाला भंडारा लावला. शिदू आप्पानं उचलला. मग सगळ्यांचे डोळे हौसाक्काकडं वळले.

"म्या उचलायची न्हाई."

देवळात कुजबूज झाली. सरपंच घाबरला. "आवं आक्का, का?"

"न्हाई उचलायची."

"मग उद्या हरकत घेनार हायसा का?"

"उद्याचं उद्या."

आणि ती निघून गेली. सरपंचानं मला तिच्या मागं पाठवलं. मी बोळापर्यंत तिच्याशी वाद घातला. सगळ्या गावाचं रान तुमच्या एका तोंडावर टांगलंय, म्हणालो. तिनं दार लावून घेतलं. आतनं म्हशीला म्हणाली, "म्हशे, सांग त्या पोराला, घरला जा."

मोजणीला महसूल खात्याचा सर्कल आला, मोजणीदार साखळी घेऊन आला. पुढाऱ्याची दोन माणसं चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी. सारं गाव पट्टीवर. टेकाचं झालं. लवणातलं झालं. प्रत्येक दगडाला सर्कल विचारायचा, "कुणाची हरकत?" आणि वारा तेवढा वाजायचा. उन्हं चढली तसा दोघांच्या बांधाचा नंबर आला. सर्कलनं शिदू आप्पाला हद्द दाखवायला सांगितली. म्हाताऱ्यानं चुन्याच्या फक्कीची पाटी घेतली, चालत गेला, आणि रेघ ओढली.

हौसाक्का रोज कुठनं वळायची ते त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रेघ तिथं नव्हती. चांगली चार तासं, म्हणजे नांगराच्या चार ओळी, आत होती, तिच्या रानात. साखळी धरून मोजणीदार म्हणाला, "एवढा फरक चालतो."

भंडाऱ्यानं बाकीच्यांची तोंडं बांधलेली, आणि सगळ्या गावाचं रान बुडवून हौसाक्का हरकत घेणार नाही. हे शिदू आप्पाला माहीत होतं. म्हणूनच त्यानं हात मारला होता. माझ्या अंगाची आग झाली. मी पुढं सरकलो, तोंड उघडलं, आणि माझ्या मनगटावर पकड बसली. हौसाक्काची. नखं रुतली.

"कुणाची हरकत?"

चिंचेखालची माणसं ताठ झाली. एकानं हातातली विडी टाकली. सर्कलनं हौसाक्काकडं पाहिलं. "बाई, तुमची?"

तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.  शिदू आप्पा फक्कीच्या पाटीत बघत होता. सरपंच बघूच शकत नव्हता. एवढ्या मोठ्या माळावर साखळीची कडी किणकिणली, तेवढाच आवाज.

तिनं पदर सोडला.

"न्हाई," ती म्हणाली.

दगड रोवला. अंगठे झाले. सगळ्यांचे झाले. पुढाऱ्याची माणसं मोटारीत बसून गेली. मग सर्कलची जीप गेली. ओढ्यापलीकडं धुरळा दिसेनासा होईपर्यंत हौसाक्का डोळ्यांवर हात धरून बघत उभी होती. मग ती वळली आणि सरळ शिदू आप्पाच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली.

"काढ दगूड."

सगळं गाव जागच्या जागी थिजलं. बोलणं टाकलं तेव्हाच्या पोरी आता आज्या झाल्या होत्या, तेवढ्या काळानं ती त्याच्याशी समोरासमोर बोलत होती.

"चार तासं घुसलायस, भावजी. काढ दगूड!"

"आक्का, आवं भंडारा..." सरपंच मध्ये पडला.

"त्यो तुमी उचलला. म्या उचलला न्हाई. माजं त्वांड मोकळं हाय." आणि ते तोंड जे सुटलं! शिदू आप्पाचा बाप, आजा, त्याची बुटकी बैलं, त्याची तिरकी नजर, त्यानं चोरलेली बाभळीची फांदी, सगळं बाहेर पडलं. शिदू आप्पा लालबुंद झाला.  पण भंडारा उचललेला. बोलता येईना. शेवटी तो तसाच वळला आणि जवळच बांधलेल्या बैलाला ओरडून म्हणाला, "बैला! सांग तिला, दगूड निघनार न्हाई!"

"मग कोर्टात ये! आता कागुद झालाय. रान माजं हाय. आता भांडाया जागा हाय मला!"

गाव हसत होतं की रडत होतं ते मला ठरवता आलं नाही. सरपंच मटकन खाली बसला आणि टोपी काढून वारा घ्यायला लागला.

तिनं खरंच दावा लावला. मी तिला समजावलं, भांडवलदार आणि नोकरशाही तुमच्या भाऊबंदकीवरच जगतात, असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय व्हय. तू आधी ज्येव." शिदू आप्पानंही वकील दिला. भंडाऱ्याचं काय, असं कुणी विचारलं तर सांगायचा, मी कुठं बोलतोय, वकील बोलतोय.

मधल्या काळात मुरूम खणून निघाला. दोन्ही रानांत पहिली मटकी उगवली. मोकळ्या माळावर बांध पुन्हा उभे राहिले.

हौसाक्का मला शेवटची दिसली ती कवठे महांकाळच्या स्टँडवर. कोर्टाची तारीख होती. तासगावची गाडी लागली आणि माणसांचा लोंढा दाराशी तुटून पडला. शिदू आप्पा दाराकडं गेलाच नाही. खिडकीखाली गेला, टाचा उंचावल्या आणि आतल्या बाकावर आपला पटका टाकून जागा धरली. दोघांची. मग बाजूला होऊन, आकाशाकडं बघत उभा राहिला. हौसाक्का गर्दीतनं चढली, पटका बाजूला केला आणि खिडकीशी बसली. मागनं तो आला, कडेला बसला. तिनं आपलं भाकरीचं गठुळं दोघांच्या मध्ये बांधासारखं नीट ठेवलं. 

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी खालनं हाक मारली, पण तिचं लक्ष नव्हतं. शिदू आप्पाचा डोळा लागतोय का, ते ती तिरकं बघत होती. त्याची मान जराशी कलली, तसं तिनं हळूच गठुळं चार बोटं त्याच्या बाजूला सरकवलं.